कोचीची त्रिचक्री प्रदक्षिणा व एक नागरी साक्षीपत्र

१

'होर्तुस मालाबारिकुस' म्हणजे 'मलबारचें उद्यान' ह्या नांवाचा बारा भागांचा लॅटिन ग्रंथ ॲम्स्टरडॅम येथें इ. स. १६७८ पासून १६९३ पर्यंत छापून निघाला, हें संशोधकांस नवीन नाहीं. मलबारांतील सातशेंहून अधिक वनस्पतींचीं वर्णनें व चित्रें त्यांत आहेत. कोचीचा डच अधिकारी हेंद्रिक व्हान ऱ्हेडे ह्यानें तो सिद्ध करविला. ग्रंथाच्या पहिल्या भागाच्या आरंभीं रंगभट्ट, विनायक पंडित व अप्पुभट्ट ह्या तीन कोंकणी वैद्यांचें नागरी लिपींतील एक साक्षीपत्र छापलेलें आहे. तें इ. स. १६७५ च्या एप्रिल महिन्यांतील आहे. म्हणजे रायगडावर श्रीशिवछत्रपतींचा राज्याभिषेक होऊन त्या वेळीं पुरतें वर्षही लोटलें नव्हतें.

ह्या साक्षीपत्रासंबंधीं प्रस्तुत लेखकानें कांहीं वर्षांपूर्वीं एका व्याख्यानांत असें विधान केलें होतें कीं, नांव डच अधिकाऱ्याचें असलें तरी हा ग्रंथ वस्तुतः ह्या तीन कोंकणी पंडितांच्या निघंटूचें लॅटिन रूपांतर होय. श्रोत्यांस तें आवडलें. आणि आवडलें म्हणून मीं तें पुढें दोन-तीन ठिकाणीं पुन्हा सांगितलें. तें विधान चुकीचें होतें. तें मागें घेणें हाच ह्या लेखाचा हेतु आहे. ही चूक माझ्या ध्यानांत आली ती ग्रंथालयांत नव्हे, तर कोची शहरांत एका ऑटोरिक्षांत. म्हणून त्या फेरीचा वृत्तांत येथें देणें अवश्य झालें आहे. वाचकांनीं त्यास प्रवासवर्णन न समजतां पुराव्याचा भाग समजावें, अशी विनंति आहे.

२

गेल्या मार्गशीर्षांत एर्नाकुलम येथें एका आप्ताकडे जाणें झालें. तेथून नावेनें फोर्ट कोचीच्या धक्क्यावर उतरतांच रिक्षावाल्यांनीं मला घेरलें. प्रत्येकाच्या हातीं प्लास्टिकच्या वेष्टनांत घातलेलें एक पत्रक होतें व त्यावर दाखवावयाच्या स्थळांचीं चित्रें होतीं. प्रवाशानें सबंध वाहन कांहीं तासांकरितां खासगी ठरवावें व पत्रकांतील क्रमानें शहर पाहून घ्यावें, असा तेथील प्रघात आहे. एका मध्यमवयीन चालकाशीं माझा ठराव झाला. मी शिक्षक होतों हें कळतांच तो मला 'माश्' म्हणूं लागला. मलयाळी लोक मास्तरांस असेंच संबोधितात. आमचें संभाषण अर्धें हिंदींत व अर्धें इंग्रजींत चाललें.

वाहनाच्या नांवाविषयीं एक गोष्ट नमूद करितों. 'रिक्षा' शब्द 'रक्ष्' धातूपासून साधण्याचा मोह संस्कृत शिकलेल्यास होतो. पण तो शब्द जपानी आहे. मूळ शब्द 'जिन-रिकि-शा', म्हणजे मनुष्याच्या बळानें चालणारी गाडी. इकडे येतां येतां आरंभींचा 'जिन' म्हणजे मनुष्य गळाला व बळ आणि गाडी एवढींच राहिलीं. हें मीं त्या वेळीं चालकास विनोदानें सांगितलें. नांवांतून माणूस गळण्याचा हा प्रकार दिवसभर आपणांस ठायीं ठायीं भेटणार आहे, व त्यांत आपणही अपराधी ठरणार आहों, हें तेव्हां माझ्या ध्यानांत आलें नव्हतें.

३

पहिला थांबा समुद्रकांठच्या 'चिनी जाळ्यां'चा. लांकडी ओंडक्यांची एक प्रचंड तरफ, तिच्या एका टोकास जाळें व दुसऱ्या टोकास दोरांना बांधलेले मोठे दगड, अशी ही योजना आहे. चार-सहा माणसें दोर ओढतात, तेव्हां जाळें पाण्याबाहेर येतें. चालक म्हणाला कीं, चीनच्या बादशहाच्या वकिलांनीं हीं जाळीं येथें आणिलीं. दुसरा पक्ष असा आहे कीं, पोर्तुगीजांनीं तीं मकावहून आणिलीं. ह्या पक्षाचे लोक जाळ्याच्या अवयवांच्या नांवांत पोर्तुगीज शब्द आढळतात ह्याकडे बोट दाखवितात. लिखित प्रमाणावांचून निर्णय करणें योग्य नव्हे, असें म्हणून मी पुढें निघालों.

कोचीचें बंदर फार प्राचीन नव्हे. इ. स. १३४१ च्या महापुरानें पेरियार नदीच्या मुखाकडील जुनें बंदर गाळानें भरलें व कोचीचें मुख खुलें झालें, असें सामान्यतः मानितात. इ. स. १५०० च्या अखेरीस काब्राल येथें आला; कालिकतच्या सामुतिरीशीं वैर असल्यामुळें कोचीच्या राजानें पोर्तुगीजांस आश्रय दिला; आणि १५०३ सालीं येथें त्यांचा कोट उठला. १६६३ च्या जानेवारींत तो डचांनीं घेतला, १७९५ सालीं इंग्रजांनीं घेतला व १८०६ सालीं सुरुंग लावून उडविला. आज 'फोर्ट' हें नांव आहे, पण कोट जवळ जवळ नाहीं.

सेंट फ्रान्सिसचें देऊळ हा दुसरा थांबा. 'वास्को द गामाची कबर' म्हणून तें दाखविलें जातें. गामा १५२४ सालीं कोचीस वारला व येथें पुरला गेला, हें खरें. परंतु पुढें चौदा-पंधरा वर्षांनीं त्याच्या अस्थि पोर्तुगालांत नेण्यांत आल्या. म्हणजे यात्रेकरू ज्या दगडासमोर उभे राहतात त्याच्याखालीं कोणी नाहीं. देवळाचे धनीही बदलत गेले : आधीं रोमन पंथाचे पोर्तुगीज, १६६३ नंतर डच प्रॉटेस्टंट, १८०४ पासून अँग्लिकन, आणि १९४७ पासून दक्षिण भारताची एकत्रित चर्च. आंतील भिंतींत पोर्तुगीज व डच थडग्यांच्या कोरीव शिळा उभ्या बसविल्या आहेत. पूर्वीं त्या जमिनींत होत्या. पण आपल्या मंडळींस अधिक आकर्षक वाटेल ती वस्तु म्हणजे १७५१ ते १८०४ पर्यंतची बाप्तिस्म्यांची व विवाहांची डच नोंदवही. तिची छायाप्रत पाहावयास मिळते. चालक बाहेर थांबला होता. त्याच्या पत्रकावर ह्या वहीचा उल्लेख नव्हता.

तेथून जवळच परेड मैदानासमोर 'डेव्हिड हॉल' नांवाची एक जुनी डच वास्तु आहे. 'हें व्हान ऱ्हेडेचें घर', असें चालकानें सांगितलें. छापील माहितीतही त्याच्या नांवाशीं ह्या वास्तूचा संबंध जोडलेला आढळतो. मी ज्याच्या ग्रंथाच्या मागावर होतों त्याचेंच हें घर म्हणतांच मला क्षणभर आनंद झाला. पण वास्तूचा काळ १६९५ च्या सुमाराचा सांगतात, आणि व्हान ऱ्हेडे कोची सोडून गेला १६७७ च्या सुमारास व वारला १६९१ सालीं. स्वतःच्या मृत्यूनंतर बांधलेल्या घरांत कोणी राहत नाहीं. हा हिशेब मीं चालकास समजावून दिला. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें व म्हटलें, "माश्, मला जें सांगितलें तें मी सांगतों." मला तें उत्तर त्या वेळीं अज्ञानाचें वाटलें.

४

फोर्ट कोचीहून मट्टांचेरीकडे जातांना, ठरावांत नसतांही, वाहन एका कलावस्तूंच्या दुकानापुढें थांबलें. गिऱ्हाइकास आंत नेल्याबद्दल चालकास कांहीं प्राप्ति होते, हें त्यानें प्रांजळपणें सांगितलें. मी दहा मिनिटें आंत फिरलों व रिकाम्या हातानें बाहेर आलों. त्याचें समाधान झालें.

मट्टांचेरीचा राजवाडा 'डच पॅलेस' ह्या नांवानें ओळखला जातो. तो बांधिला पोर्तुगीजांनीं, १५५५ च्या सुमारास, आणि कोचीचा राजा वीरकेरलवर्मा ह्यास नजर केला. डचांनीं १६६३ नंतर त्याची डागडुजी केली, एवढाच त्यांचा संबंध. बांधणी मलबारी चौसोपी घराची. मध्यें चौकांत भगवतीचें देवालय. शयनगृहाच्या भिंतींवर रामायणाचीं चित्रें. तात्पर्य, वाडा मलयाळी राजाचा, बांधणारा पोर्तुगीज, देव भगवती, कथा वाल्मीकीची, आणि नांव मात्र दुरुस्ती करणाऱ्याचें.

वाड्यामागें ज्यूंची आळी आहे. तिच्या टोकाशीं 'परदेशी' सिनेगॉग, १५६८ सालचें. शेजारच्या मनोऱ्यांतील घड्याळाच्या एका बाजूस रोमन व दुसऱ्या बाजूस हिब्रू अंक आहेत. 'परदेशी' हा शब्द ऐकून मला कौतुक वाटलें. स्पेन व इतर देशांतून मागाहून आलेल्या ज्यूंस हें नांव आपल्याच शब्दानें मिळालें. परंतु त्यांच्या पूर्वींपासून मलबारांत राहिलेले ज्यू निराळे होते. ज्या ताम्रपटांमुळें ह्या समाजाची प्रसिद्धि आहे ते भास्कर रविवर्म्यानें इ. स. १००० च्या सुमारास योसेफ रब्बान ह्यास दिले. लिपि मुख्यतः वट्टेळुत्तु. सिनेगॉगच्या आवाराच्या भिंतींत बसविलेली १३४४ सालची हिब्रू शिळाही मूळ कोचंगाडी येथील दुसऱ्या सिनेगॉगची. म्हणजे 'परदेशी'यांच्या घरांत पुरावे आहेत ते देशी ज्यूंचे.

ह्याच मट्टांचेरींत चेर्लाय भागांत श्रीवेंकटेशाचें तिरुमल देवस्वम् आहे. पोर्तुगीजांच्या धर्मच्छळामुळें सोळाव्या शतकांत गोमंतक सोडून जीं सारस्वत कुटुंबें दक्षिणेकडे गेलीं, त्यांतील बरींच कोचीच्या राजाच्या आश्रयास राहिलीं. हें देवालय त्यांचें. १७९१ सालीं तेव्हांच्या राजाशीं बेबनाव होऊन ह्या समाजावर मोठें संकट आलें, देवास आलप्पुळेस न्यावें लागलें, आणि १८५३ सालीं मूर्ति परत आली. पत्रकांत ह्या देवळाचें चित्र नव्हतें. मीं हट्टानें तिकडे वाहन नेवविलें. देवळासमोर फुलें विकणारी एक वृद्ध बाई शेजारणीशीं कोंकणींत बोलत होती. सुमारें चारशें वर्षें मलयाळम भाषेच्या मध्यभागीं राहूनही टिकलेली ती बोली ऐकून मला जें वाटलें तें येथें लिहीत नाहीं. एवढेंच सांगतों कीं, ज्या लोकांनीं साक्षीपत्र लिहिलें त्यांच्या वंशजांत आपण उभे आहों, अशा भावनेनें माझा अभिमान त्या क्षणीं कळसास पोंचला होता.

५

त्या अभिमानांतच मीं झोळींतून साक्षीपत्राची छायाप्रत काढिली व चालकास दाखविली. तुमच्या ह्या शहराचें खरें वैभव गामाच्या रिकाम्या कबरींत नसून ह्या नागरी पानांत आहे, असें मीं त्यास सांगितलें. ग्रंथाचें नांव ऐकतांच तो म्हणाला, "माश्, हा ग्रंथ मला ठाऊक आहे. तो इट्टि अच्युतन् वैद्याचा. माझी सासुरवाड चेर्तल्याकडे आहे. त्या वैद्याचें गांव तेथून जवळ. पण हे तीन ब्राह्मण कोण, तें मात्र मी कधीं ऐकलें नाहीं."

मी गप्प झालों. इट्टि अच्युतन् हें नांव मीं वाचलें नव्हतें असें नाहीं. एका तळटीपेंत तें पाहिलें होतें व ओलांडून गेलों होतों. कारण माझ्या संग्रहांत एकच पान होतें, आणि त्या पानावर तें नांव नव्हतें. सकाळपासून जें मी चालकास शिकवीत होतों, कीं वास्तूवर शेवटल्या धन्याचें नांव राहतें व बाकीचे पुसले जातात, तेंच मीं त्या ग्रंथाचें केलें होतें. व्हान ऱ्हेडेचें नांव काढून त्या जागीं मीं माझ्या लोकांचीं तीन नांवें लाविलीं होतीं. चालकानेंही तेंच केलें होतें. फरक इतकाच कीं, तो 'मला सांगितलें तें सांगतों' असें कबूल करीत होता, आणि मी संशोधक म्हणवीत होतों.

६

परत आल्यावर मीं एका पानावर न थांबतां ग्रंथच पाहिला. वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल ह्यांनीं आयुष्याचा मोठा भाग वेंचून ह्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर केलें व तें केरळ विद्यापीठानें २००३ सालीं प्रसिद्ध केलें. त्यामुळें लॅटिनच्या अडचणीची सबबही उरली नाहीं. त्यावरून जें दिसलें तें असें :

पहिली गोष्ट. साक्षीपत्र एकच नाहीं. कडक्करप्पळ्ळि येथील ईळव वैद्य इट्टि अच्युतन् ह्याचें स्वतंत्र साक्षीपत्र मलयाळम भाषेंत व कोलेळुत्तु लिपींत ह्याच भागांत आहे. व्हान ऱ्हेडेच्या आज्ञेवरून आपण कोचीच्या कोटांत आलों व आपल्या ग्रंथांत सांगितलेल्या वृक्ष, झुडुपें, वेली ह्यांचीं नांवें व गुण दुभाष्यास सांगितले, असें तो म्हणतो. दुभाष्या एमान्युएल कार्नेरो ह्याचेंही पत्र आहे. मलयाळममधून पोर्तुगीजांत व तेथून लॅटिनांत, अशी मजकुराची वाट होती. पहिल्या भागांच्या लॅटिन लेखनांत कासेआरिउस नांवाच्या डच धर्मोपदेशकाचा हात होता, आणि कामाच्या आरंभीं मातेउस नांवाच्या कार्मेलाइट साधूचें साहाय्य होतें.

दुसरी गोष्ट. ग्रंथांतील प्रकरणांचीं शीर्षकें मलयाळम आहेत. पहिलीच वनस्पति 'तेंग' म्हणजे नारळ. पुढें लिनेअस व त्याच्या मागून आलेले शास्त्रज्ञ ह्यांनीं ह्या ग्रंथाचा आधार घेतला, तेव्हां ह्या मलयाळम नांवांपैकीं कांहीं शास्त्रीय नांवांत शिरलीं. वेलदोड्याचें 'एलेत्तारिया' हें नांव मलयाळम 'एलत्तरि'वरून आहे. ग्रंथ जर केवळ संस्कृत निघंटूचें रूपांतर असता, तर त्याचा सांगाडा मलयाळम नांवांचा झाला नसता.

तिसरी गोष्ट. ह्यामुळें तिन्ही पंडितांचें कार्य नाहींसें होत नाहीं. सुमारें दोन वर्षें सकाळ-सायंकाळ बसून त्यांनीं विचारविनिमय केला. वनस्पति आणवून पाहिल्या. 'महानिघंटु' नामक आपल्या ग्रंथावरून गुणधर्म सांगितले. चित्रपटांवर रोमन, मलयाळम व अरबी लिपींबरोबर नागरींतही नांवें कोरलेलीं आहेत, तीं त्यांच्या कार्याची खूण. निघंटूची परंपरा एका वस्तूस अनेक पर्याय देते, पण वस्तु ओळखून हातीं देत नाहीं. अरण्यांत जाऊन झाड दाखविणारा वैद्य निराळाच असतो. रायगडावर 'राज्यव्यवहारकोश' रचला जात होता त्याच सुमारास कोचींत हीं दोन शास्त्रें, पोथींतलें व अरण्यांतलें, एका ग्रंथांत एकत्र आलीं. माझ्या मतें हेंच त्या ग्रंथाचें मर्म होय.

चौथी गोष्ट, व ती लिहितांना संकोच होतो. त्या काळच्या मलबारांत ईळव मनुष्यास ब्राह्मणापासून ठराविक अंतरावर उभें राहावें लागे. त्या ग्रंथांत मात्र दोघांचीं साक्षीपत्रें एकाच भागांत, सारख्याच मानानें छापलेलीं आहेत. परक्या अधिकाऱ्याच्या गरजेनें कां होईना, कागदावर जें अंतर मिटलें होतें, तें मीं व्याख्यानांत पुन्हा घातलें. हेतु तसा नव्हता. पण परिणाम तोच झाला.

येथें आणखी एक दुरुस्ती करितों. हें साक्षीपत्र म्हणजे छापलेली पहिली नागरी, असें मीं सांगत असें. तेंही बरोबर नव्हे. ॲम्स्टरडॅम येथेंच १६६७ सालीं निघालेल्या किर्चरच्या 'चायना इलस्ट्राटा' ग्रंथांत नागरी अक्षरांचे पट आहेत. साक्षीपत्राचें महत्त्व पहिलेपणांत नाहीं. पत्राची भाषा कोंकणी आहे. तिला मराठीचें एक रूप म्हणून आपल्या खात्यांत जमा करण्याचीही आतां आवश्यकता वाटत नाहीं.

७

हा लेख जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्यांसमोर ठेवीत आहें, म्हणून शेवटीं एक सूचना करितों. सुटें पान हातीं आलें असतां आपणांस धन्यता वाटते, आणि तें साहजिक आहे. पण सुटें पान नेहमीं एकाच पक्षाचें बोलतें. त्याच्या मागचें व पुढचें पान कोठें आहे ह्याचा शोध न करितां त्यावर सिद्धांत उभारूं नये. कोचीच्या डच दफ्तराचा मोठा भाग आज चेन्नईच्या अभिलेखागारांत आहे. तो वाचणारे डच जाणकार आपल्या मंडळींतून तयार झाले, तर ह्या चारही साक्षीदारांविषयीं अधिक बोलतां येईल.

व्हान ऱ्हेडे १६९१ च्या डिसेंबरांत मुंबईनजीक समुद्रावर, सुरतेस जात असतां, वारला. सुरतेच्या डच स्मशानांत त्याची भव्य समाधि आहे. रंगभट्ट, विनायक पंडित व अप्पुभट्ट ह्यांस समाधि नाहीं. त्यांस तें एक पान आहे. इट्टि अच्युतन् ह्यासही एक पान आहे. दोन्ही पानें एकत्र बांधलेलीं होतीं. तीं मीं निराळीं केलीं होतीं.

सायंकाळीं धक्क्यावर उतरल्यावर मीं चालकास ठरलेले पैसे दिले. त्यानें ते मोजून घेतले, आणि त्या तीन ब्राह्मणांचीं नांवें कागदावर लिहून मागितलीं. मीं तीं रोमन अक्षरांत लिहून दिलीं व खालीं, त्याच्याकडून उच्चार विचारून, चौथें नांव लिहिलें. तो कागद त्यानें आपल्या चित्रांच्या पत्रकामागें, प्लास्टिकच्या वेष्टनांत सरकवून ठेविला.